पन्नासपैकी एकतीस

आतल्या खोलीत आईचा फोन वाजला तेव्हा केदार सर तिच्या फोटोसमोर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. मेसेज आल्यावर वाजतो तेवढाच, दोन ठोक्यांचा आवाज. सरांनी एक डोळा किंचित उघडला आणि खाली पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचे हात पूर्ण जोडलेले नव्हते. दोन तळव्यांच्या मध्ये त्यांचा स्वतःचा फोन होता.

बाबा लगेच उठले. आई गेल्याला आठवडाही झाला नव्हता आणि एवढ्या दिवसांत ते इतक्या चपळाईनं कशासाठीच उठले नव्हते. आईचे ओटीपी वाचायचं काम त्यांचं. विजेचं बिल असो की गॅस, ती कॉम्प्युटरसमोर बसून ओरडायची, "आला बघा," आणि बाबा चष्मा शोधून फोनवरचा एकेक आकडा मोठ्यानं वाचायचे. आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवणारी बाई, पण आपला फोन कुठे आहे हे तिला कधीच माहीत नसे.

ते फोन घेऊन बाहेर आले. चष्मा नाकावर होता. कोणाकडेही न बघता त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"चार. नऊ. शून्य."

केदार सरांचा अंगठा हलत होता. फोटोकडे पाठ न करता, मान तशीच नम्र ठेवून ते आकडे दाबत होते. मी उठून बाबांच्या हातातून फोन काढून घेतला.

"अगं, ओटीपी आलाय," बाबा म्हणाले.

"कोणी मागवला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या हाताकडे. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आतून कोणी ओरडलं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसू लागले.

"ऋजुता, बस ना," केदार सर म्हणाले. "मी सांगणारच होतो. म्हटलं, आधी नमस्कार करावा."

केदार सर आईच्या कॉलेजचे उपप्राचार्य. बाळकुमला राहतात, आणि आमच्या नौपाड्यातल्या या घरी मी शाळेत असल्यापासून दिवाळीला येतात. आई ठाण्यातल्याच त्या कॉलेजात बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवायची. मुलं तो विषय घेतात कारण त्यात मार्क पडतात. अर्धे मार्क लेखी परीक्षेचे, ते बाहेर ठरतात. अर्धे प्रात्यक्षिकाचे, ते कॉलेजातच ठरतात, आणि कॉलेजं एकमेकांकडे बघून ते ठरवतात. शेजारच्यानं अठ्ठेचाळीस दिले की आपण एकोणपन्नास. एक बाहेरचा परीक्षक येतो, लॅबमधून एक चक्कर मारतो, इडली-वडा खातो, कोऱ्या गुणपत्रिकेवर सह्या करतो आणि उन्हं चढायच्या आत निघतो. त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण त्याच्याही कॉलेजात दुसरा कोणीतरी असाच इडली-वडा खाऊन गेलेला असतो.

आईची पद्धत निराळी होती. चिठ्ठीत आलेला प्रोग्रॅम मुलानं टाइप केला, चालवून दाखवला, उत्तर बरोबर आलं, की ती हात पुढे करून मॉनिटर बंद करायची. मग प्रोग्रॅममधला एखादाच आकडा तोंडी बदलायची आणि विचारायची, आता काय येईल, सांग. ज्याला कळलेलं असे तो काळ्या पडद्याकडे बघून ओळीमागून ओळ म्हणत जायचा. ज्यानं पाठ केलेलं असे त्याला पडद्यात फक्त स्वतःचं तोंड दिसायचं. मूल कुठे अडखळलं ते ऐकून आई तिथल्या तिथे आकडा सांगायची. सदतीस. बेचाळीस. मुलं तिला वेधशाळा म्हणत. वेधशाळा म्हणाली तर छत्री घेच, असं म्हणत. लेखी परीक्षेपूर्वीसुद्धा ती असा अंदाज द्यायची आणि निकालाच्या दिवशी मुलं तो पडताळून पाहायची. फार तर एखाददुसऱ्या मार्काचा फरक.

ती गोड नव्हती. माझ्या पहिल्या उपम्याला तिनं दहापैकी चार दिले होते. आशुतोषला घेऊन मी पहिल्यांदा घरी आले, तो गेल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पासष्ट. वाढतील." लग्नाला इतकी वर्षं झाली, डोंबिवलीच्या घरी आमचं भांडण झालं की तो अजून विचारतो, आता कितीवर आलो.

"मॅडमनी काय मार्क टाकलेत माहितीये का तुला?" केदार सरांनी आवाज खाली आणला. "छत्तीस. एकोणचाळीस. एकतीस. एका पोराला बावीस. बावीस, ऋजुता. आपल्या सेंटरच्या एकाही कॉलेजात अठ्ठेचाळीसच्या खाली कोणी नाही. आता दुरुस्तीची मुदत चालू आहे, पण लॉगिन मॅडमचं, नंबर मॅडमचा. आम्ही काय करायचं?"

मी विचारलं, मार्क चुकलेत का?

"चुकलेत असं कोण म्हणतंय? मॅडम कधी चुकतात? बरोबर आहेत, तोच तर प्रॉब्लेम आहे."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मला काही क्षण पुढचं ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं तेव्हा ते लॅबबद्दल बोलत होते. ट्रस्टींशी बोलणं झालं होतं. नव्या संगणक कक्षाला आईचं नाव द्यायचं, दारावर पितळी पाटी, आत फोटो. "फक्त जरा हसरा फोटो लागेल."

"हसरा नाहीये," बाबा म्हणाले.

"शोधा, असेल एखादा."

"नाहीये," बाबा पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

सर उठले. चपला घालताना उंबऱ्यात वळून म्हणाले, "येतो." आमच्याकडे सुतकाच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. गप्प उठून जायचं असतं. अगदी लहान मुलांनाही येताना जिन्यात हे बजावून आणतात. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना खरंच यायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची नजर मला कळू लागली. आधी फोटोकडे, मग भिंतीतल्या प्लगकडे, जिथे आईचा फोन चार्जिंगला लावलेला असे. पालकांच्या ग्रुपवर बातमी पसरली असावी. नील नावाच्या मुलाची आई केळी घेऊन आली. ती खरंच रडली. मॅडमनी माझ्या मुलाला वर्षभर रविवारी घरी बोलावून शिकवलं हो, म्हणाली. नाक पुसलं, पाणी प्यायली, आणि त्याच ओल्या आवाजात विचारलं, "मॅडमचा फोन तुमच्याकडेच असतो ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "नाही, सहज. आजकाल फोनमध्ये सगळं असतं." तिनं आणलेली केळी मला खाववेनात. काळी पडेपर्यंत ओट्यावर राहिली आणि मग मी ती टाकून दिली.

मेसेज येतच होते. कॉलेजात बसून कोणीतरी पुन्हा पुन्हा बटण दाबत होतं, कदाचित बाबा फोनजवळ एकटे सापडतील या आशेनं. मी आवाज बंद करायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे. वाजू दे."

मग म्हणाले, "देऊन टाक गं तो नंबर. काय करायचंय आपल्याला?"

मला वाटलं होतं तेच नको म्हणतील. मी तसं बोलून दाखवलं.

"दरवर्षी वाढवायचेच ते," बाबा म्हणाले. "ही मार्क लिहून द्यायची, ऑफिसातला माणूस दुसरेच भरायचा. एकदा भांडली, दोनदा भांडली. मग म्हणायला लागली की कागदावर काय जातं ते माझ्या हातात नाही. पण ज्याला जितकं येतं तितकं त्याला तरी माहीत असू दे. म्हणून तोंडावर आकडा सांगायची. यंदा पहिल्यांदा शिक्षकांनी स्वतः भरायचे, असं निघालं."

आईनं मार्क भरले त्या संध्याकाळचं त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. प्रात्यक्षिकं संपवून आई घरी आली, पाय धुतले आणि चहाच्या आधी कॉम्प्युटर लावला. आला बघा, म्हणून ओरडली. बाबांनी आकडे वाचले. तिनं शेवटचं बटण दाबलं आणि खुर्ची मागे ढकलून म्हणाली, "आता बसा म्हणावं बोंबलत." त्या दिवशी ती दोन वाट्या भात जास्त जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पलंगाशीच कोसळली.

"मीच वाचून दाखवला होता," बाबा म्हणाले. "मग आता दुसरा वाचून दाखवला तर काय झालं, असं मला वाटतं. आणि नाही दाखवला तर पोरांचं नुकसान. आपण का कोणाचे तळतळाट घ्या?"

मला किळस आली होती आणि ती नक्की कशाची ते सांगता येत नव्हतं. केदार सरांची होतीच. पण बाबांचं म्हणणं ऐकून आत काहीतरी सैल पडलं, हो म्हणावंसं वाटलं, सगळ्यांना पन्नास वाटून टाकावेत आणि दार लावून झोपावं असं वाटलं, त्याचीही होती.

त्याच दुपारी सान्वी आली.

सान्वी ही हौसाबाईंची नात. हौसाबाई आमच्याकडे, आणि या बिल्डिंगमधल्या आणखी तीन घरांत भांडी-लादी करतात. गाव साताऱ्याकडचं, राहायला वागळे इस्टेटच्या बाजूला. सान्वी दहावी झाली तेव्हा तिला आईनंच कॉलेजात नेलं होतं, हा विषय घे म्हणून सांगितलं होतं. मी तिला ओळखत होते ती आजीबरोबर येऊन गॅलरीत अभ्यास करणारी मुलगी म्हणून. आता ती दारात उभी होती, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून, आणि आत यायला तयार नव्हती. बाबा झोपले होते. मी तिला हाताला धरून आत घेतलं.

ती फोटोकडे गेली नाही. सरळ म्हणाली, "ताई, आजीला माहीत नाहीये मी आलेय ते. तिला नका सांगू."

मी पाणी दिलं. तिनं पेला हातात धरून ठेवला.

"मला एकतीस आहेत."

"तुला कोणी सांगितलं?"

"मॅडमनीच. परीक्षेतच." मग तिनं मला ते सगळं सांगितलं, जणू काही मी तिची परीक्षा घ्यायला बसले होते. दहा आकडे उलट्या क्रमानं लावायचा प्रोग्रॅम आलेला. तिचा तो पाठ होता. झटकन टाइप केला, बरोबर आला. मग मॅडमनी पडदा बंद केला. म्हणाल्या, दहाच्या जागी सात आकडे आहेत, आता मधल्या आकड्याचं काय होईल? "मला वाटलं, काय होणार, होईल काहीतरी. मी गप्पच बसलेले. नऊ मिनिटं की काय थांबल्या त्या, आणि बाकीची पोरं बघत होती. मग म्हणाल्या, एकतीस."

"आणि?"

"आणि काय. म्हणाल्या, उन्हाळ्यात घरी येत जा, चाळीस करू. मी म्हटलं, मॅडम, परीक्षा तर झाली, आता चाळीस करून काय? तर म्हणाल्या, परीक्षा झाली म्हणून काय झालं."

मला हसू आलं. सान्वीला नाही आलं.

"ताई, तो नंबर द्या ना सरांना."

एवढे दिवस जे येत होते ते आडून बोलत होते. कोणी सहज विचारत होतं, कोणी फोनची काळजी करत होतं. ही पहिलीच, जिनं मागितलं.

"सान्वी, ते आईनं दिलेले आहेत."

"माहितीये. बरोबर दिलेत. मला खरंच येत नव्हतं." तिनं पेला खाली ठेवला. "पण दुसऱ्या कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीला तर नीट टाइपपण करता येत नाही. तिला पन्नास मिळणारेत. ॲडमिशनला ती माझ्या पुढे जाणार. मग खरं राहून मीच कशाला मागे राहायचं? माझी एकटीची काय चूक?"

मी म्हणाले, तुझी काहीच चूक नाही.

"मॅडम असत्या ना, तर मी मागितलं नसतं. शप्पथ. त्या चाळीस करणार होत्या." तिचा आवाज आता चढला होता, रागानं. "आता माझे चाळीस कोण करणारे? तुम्ही?"

मला कॉम्प्युटर येत नाही. मधल्या आकड्याचं काय होतं ते मला आजही माहीत नाही. मी ते तिला सांगितलं.

"मग द्या ना," ती म्हणाली.

तिच्या पाठीमागे फोन वाजला. दोन ठोके. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं. दुपारची वेळ होती, बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, आणि पडद्यावर ते सहा आकडे उजळून सावकाश विझत होते. ती उठून जाऊन वाचू शकली असती. मी तिला अडवलं असतं की नाही, मला माहीत नाही. ती उठली नाही. मान फिरवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, आकडे पूर्ण विझेपर्यंत.

"मी नाही देऊ शकत गं," मी म्हणाले.

"ठीक ए." तिनं ओढणीची पिन चाचपली. "तुम्ही मॅडमच्याच." आणि ती गेली. 'येते' म्हणाली नाही.

केदार सरांचा फोन दुरुस्तीची मुदत संपली त्या संध्याकाळी आला. मी तयारीतच होते. विनवणी येईल, धमकी येईल, काय बोलायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. पण सरांचा आवाज मोकळा होता, लग्न पार पडलेल्या घरातल्या माणसासारखा.

"काळजी करू नकोस, झालं आपलं काम. तुम्हाला त्रास नको म्हणून दुसरा रस्ता काढला. मॅडमऐवजी आपल्याच कॉलेजातल्या संदेश सरांना परीक्षक दाखवलं, मागच्या तारखेची ऑर्डर काढली. त्यांच्या लॉगिननं सगळे मार्क परत भरले. बाहेरच्या सरांच्या सह्या होत्याच."

मी विचारलं, आणि आई?

"मॅडमना ते दोन दिवस रजेवर दाखवलंय. मेडिकल लीव्ह." मग म्हणाले, "म्हणजे, तसंही पटण्यासारखं आहे ना. नंतर जे झालं ते बघता."

मी गप्प होते. त्यांना ते बरं वाटलं असावं. मुलांपैकी अठ्ठेचाळीसच्या खाली कोणाला ठेवलं नाही, बावीसवाल्यालासुद्धा, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. लॅबच्या पाटीचं पुढच्या मीटिंगला घेऊ म्हणाले.

मी फोन ठेवला. बाबा बघत होते. मी त्यांना सांगितलं की आईनं दिलेले मार्क आता कुठेच नाहीत. तिनं परीक्षा घेतलीच नव्हती. ती घरी होती, आजारी.

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी पोळी-भाजी घेऊन गेली होती गं. डबा मी भरलेला. गवार होती."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. रॅकवर आईचा डबा घासून पालथा घातलेला होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. नुसते समोर उभे राहिले, कोणीतरी साक्षीला बोलावल्यासारखे. मला बेसिनपाशी जाऊन चूळ भरावी लागली.

कॉलेजात जावं, ओरडावं, पेपरात द्यावं, हे सगळं त्या आठवड्यात माझ्या मनात आलं. आशुतोष म्हणाला, दे, मी येतो तुझ्याबरोबर. पण द्यायचं म्हणजे काय मागायचं? मुलांचे मार्क कमी करा, असं? मी सान्वीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि ते तिथेच संपलं. केदार सरांनी हिशोब पक्का केला होता. जे घडलं त्यानं सगळ्यांचं भलं झालं होतं, आणि ज्या एका बाईचं झालं नव्हतं ती बोलायला नव्हती. तेराव्यानंतर मी डोंबिवलीला परत गेले. बाबा चला म्हटलं तर आले नाहीत. दर शनिवारी मी येत राहिले.

निकाल लागला त्या शनिवारी मी नौपाड्यात होते. खाली रस्त्यावर एका क्लासचा टेम्पो लागला होता. त्यावर मुलांचे फोटो, एकेकाखाली या विषयाचे दोन्ही पेपर मिळून दोनशेपैकी एकशे शहाण्णव, एकशे सत्त्याण्णव. बिल्डिंगच्या जिन्यातून दारं उघडल्याचे आणि हौसाबाईंचे आवाज वर वर येत होते. त्या पेढे वाटत होत्या. प्रत्येक दारात त्याच शब्दांत सांगत होत्या, "आमच्या सान्वीला पन्नासात अठ्ठेचाळीस. कम्प्युटरात." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं ओळखीचं "अगं बाई!" वर ऐकू आलं.

आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांनी आधी डोळ्यांना पदर लावला.

"म्याडम पायजे होत्या," म्हणाल्या. "तेंच्यामुळं झालं ह्ये. अठ्ठेचाळीस दिलं बगा पोरीला."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे झाले आणि दोन्ही हातांनी पेढा घेतला.

"छान झालं, हौसाबाई. पोरीनं कष्ट केले. कुठाय ती?"

"खाली हाय. समद्या घरांत आली माझ्यासंगं, पाया पडली समद्यांच्या. हितं यायचं तर जिन्यातच थांबली. म्हणती, तूच जा. काय झालंय तिला काय ठाव. सकाळधरनं तोंड पाडून बसलीय, एवढं मार्क पडूनशान."

त्या दुसरा पेढा फोटोसमोर ठेवायला गेल्या. मी गॅलरीत आले.

सान्वी खाली उतरून गेली होती आणि गेटजवळ उभी होती. नवा ड्रेस घातला होता. शेजारच्या बिल्डिंगमधला कोणीतरी तिला जाता जाता काही विचारून गेला, बहुधा किती पडले ते, कारण तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बोलण्याआधी एकदा वर, आमच्या गॅलरीकडे पाहिलं. मी तिथे होते. तिनं तोंड मिटलं. तो माणूस थोडा थांबला, हसला आणि पुढे निघून गेला.

बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पेढा अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला, दाराजवळ जाऊन चपला घातल्या आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा कोणाचाही हात न धरता जिना उतरू लागले. बऱ्याच वेळानं ते खाली गेटपाशी दिसले. सान्वीनं मान खाली घातली होती. ते तिच्याशी काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. पुष्कळ वेळ दोघं तशीच उभी होती, आणि टेम्पो मागे घेणाऱ्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा बाबांनी तिला कोपराला धरून कडेला घेतलं.